सामुदायिक नळसोड

आमच्या नळाला पहिल्यांदा चहा आला तो नेमका माझ्या सासूबाई राहायला यायच्या दिवशी. चहा म्हणजे रंगाने चहा, बिनदुधाचा आणि चांगला उकळलेला. मी तोंडात ब्रश धरून नळाखाली ओंजळ केली, ओंजळीतला रंग पाहिला आणि तोंडातला फेस तसाच गिळून टाकला. पाणीपट्टीची मुदत आयुष्यात कधी चुकवली नाही अशा माणसाच्या ओंजळीत हे पडावं, याचा मला आजही संताप येतो. एरवी मी संतापी माणूस नाही. बायकोला विचारायला जाऊ नका, ती आपल्या आईच्या बाजूची आहे.

सासूबाई म्हटलं की ऐकणारा आधीच हसायला लागतो, म्हणून स्पष्ट सांगतो की माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. त्या एका मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण घरात शिरल्या की अजूनही सगळी माणसं आपोआप सरळ बसतात. त्या एकट्या राहायच्या. मागे बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या, मनगट मोडलं, आणि शेजारणीने दार ठोठावेपर्यंत तशाच पडून होत्या. तेव्हापासून फोन वाजला की माझ्या बायकोचा चेहरा पांढरा पडतो. "आई, तू इथे येऊन राहा" म्हणून तिने जीव टाकला, तेव्हा कुठे उत्तर मिळालं, "येते. थोडे दिवस राहून बघते. पटलं तर राहीन, नाहीतर माझं घर आहेच."

त्या 'पटलं तर'साठी बायकोने खोली रंगवून घेतली, पडदे शिवले, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला. माझं टेबल बाल्कनीत गेलं. मी हूं की चूं केलं नाही.

आणि सासूबाईंनी घरात पाऊल टाकल्यावर पहिली गोष्ट काय केली, तर हात धुवायला नळ सोडला. धारेकडे पाहिलं. नळ बंद केला. कोरडे हात टॉवेलला पुसले.

"पाणी असंच येतं का तुमच्याकडे?"

"नाही गं आई, आजच आलंय," बायको घाईघाईने म्हणाली.

"हं," सासूबाई म्हणाल्या. बायकोने बॅग उघडायला घेतली तशी त्यांनी हात केला. "राहू दे तशीच दाराशी. लगेच कशाला पसारा?"

ती बॅग दाराशी उभी राहिली. ऑफिसला जाताना तिला वळसा घालून जायचं आणि परत येताना ती अजून आहे ना ते बघायचं, असं आमच्या दोघांचं सुरू झालं.

आता माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द, कारण त्याशिवाय माझी योग्यता कळणार नाही. मी विमा कंपनीत आहे. लोकांचं झालेलं नुकसान आमच्या व्याख्येत नुकसान ठरत नाही, हे त्यांना सभ्य भाषेत कळवण्यात माझी हयात गेली. तेव्हा तक्रार कशी करावी हे मला कळत नसेल तर कुणाला कळणार? मी बाह्या सरसावल्या.

जिन्यात आधीच गर्दी होती. जो तो आपापल्या घरातला नमुना घेऊन आला होता, कुणी तांब्यात, कुणी काचेच्या ग्लासात. आमची इमारत जुनी, तिला टाकी नाही. रस्त्याखालच्या मोठ्या पाइपातून पाणी थेट घराघरांत येतं, त्यामुळे जे एकाला तेच सगळ्यांना. तरी समोरच्या वहिनींचं पाणी आमच्यापेक्षा गडद निघालं आणि त्यांना त्याचा थोडा अभिमान वाटला असं मला दिसलं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात, त्यांना सगळे भूगोल सर म्हणतात. त्यांनी ग्लास खिडकीच्या उजेडात धरला.

"गंज आहे," ते म्हणाले. "कोपऱ्यावर रस्ता खणून मोठा पाइप दुरुस्त केला ना? पाइपात तळाशी वर्षानुवर्षं गंजाचा गाळ बसलेला असतो. तो हलला. आपोआप खाली बसेल."

आपोआप बसेल! असल्या सल्ल्याचा मला मनस्वी तिटकारा आहे. मग आम्ही काय करायचं? हातावर हात ठेवून नळाची प्रकृती सुधारायची वाट बघायची? घरात मेट्रन येऊन बसली आहे, तिची बॅग दाराशी उभी आहे, आणि हे गृहस्थ म्हणतात आपोआप बसेल.

वहिनींचा सल्ला जास्त पसंत पडला, कारण त्यात करण्यासारखं काहीतरी होतं. "नळाच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधा भाऊजी. आमच्या माहेरी असंच करतात." मी माझा चांगला रुमाल घट्ट बांधला. रुमाल फुगला, फुगला, आणि सुटून पाण्याच्या गोळ्यासकट माझ्या ऑफिसच्या शर्टावर येऊन आदळला. सासूबाई तेव्हा पेपर वाचत होत्या. त्यांनी पेपराचं पान उलटलं, इतकंच.

मग प्लंबर आला. एखाद्या अत्यवस्थ नातेवाइकाला बघावं तसं त्याने आमच्या नळाकडे पाहिलं, हळहळला, आणि म्हणाला, "आतला पाइप बघायला लागेल, साहेब." आतला पाइप भिंतीत असतो हे मला तो छिन्नी काढेपर्यंत सुचलं नाही. दुपारपर्यंत बाथरूमच्या भिंतीला माणूस डोकं घालू शकेल एवढं भगदाड पडलं. त्यात डोकं घालून प्लंबर आनंदाने ओरडला, "पाइप एकदम झकास आहे, साहेब!" तुमच्या टाइलचा रंग आता बाजारात येत नाही, ही बातमी त्याने हत्यारं आवरल्यावर दिली. तेव्हापासून सासूबाई भगदाडाकडे बघत अंघोळ करू लागल्या, तीही त्या चहाने.

शेवटी मी पाणी खात्याच्या कार्यालयात गेलो. बरोबर पुरावा म्हणून बाटली भरून घेतली. बसमध्ये ती मांडीवर सरळ धरून बसलो होतो, जरासुद्धा हिंदकळू दिली नाही. पुराव्याची काळजी कशी घ्यावी हे आम्हा विमेवाल्यांना शिकवावं लागत नाही. खिडकीमागच्या माणसाने बाटली ट्यूबलाइटपुढे धरली.

"स्वच्छ आहे की."

मी पाहिलं. वर नितळ पाणी आणि तळाला चिमूटभर तपकिरी भुकटी.

"खाली बघा, खाली!"

"खाली कोण बघतं?"

मी बाटली हिसकावून घेतली आणि दोन्ही हातांनी खळखळ हलवली. रंग हवा तसा आला.

"तुम्ही पाणी असं हलवून पिता का?" तो म्हणाला.

माझ्या मागे रांगेत उभी असलेली माणसं हसली. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं. मी पाणीपट्टी, नागरिकांचे हक्क आणि माझ्या सासूबाई या तिन्ही विषयांवर एका दमात बोललो. तो शांतपणे ऐकून घेत होता. माझ्या रोजच्या नोकरीत मीही असंच ऐकतो, त्यामुळे तो ऐकत नाही हे मी लगेच ओळखलं.

"हे बघा," शेवटी तो म्हणाला, "तळमजल्यावरचा एक थंड पाण्याचा नळ हळू सोडून ठेवा, साफ येईपर्यंत. गिझर लावू नका. पांढरे कपडे धुऊ नका. बाकी काही करू नका. पाहणीसाठी अर्ज देऊन जा, नंबर लागला की आमचे इंजिनीयर येतील."

एक नळ! तोही तळमजल्यावरचा! आणि हळू! सबंध इमारतीचा अपमान झालेला असताना एका नळाने आणि तेही हळू त्याची भरपाई करायची! अर्ज देऊन मी पायऱ्या उतरलो तेव्हा माझा निश्चय झाला होता. सरकारी सल्ला हा नेहमी निम्मा असतो, उरलेला निम्मा नागरिकाने स्वतःच्या अकलेने भरायचा असतो, असं माझं मत आहे. एक नळ हळू सोडून थोडी घाण निघत असेल, तर सगळ्यांचे सगळे नळ एकाच वेळी पूर्ण सोडले तर काय होईल? साधा हिशेब होता.

संध्याकाळी मी जिन्यात सभा घेतली आणि 'सामुदायिक नळसोड' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला. लोकांना तो आवडला. भूगोल सर तेवढे कुरकुरले. "अहो, ते हळू सोडा म्हणाले ना?" पण सगळ्यांनी एकाच क्षणी नळ सोडायचे तर इशारा हवा, आणि इशाऱ्याला सरांची घंटा हवी, असं मी म्हणताच त्यांचा चेहरा पालटला. निवृत्तीच्या समारंभात शाळेने त्यांना शाळेचीच पितळी घंटा भेट दिली होती. ती तेव्हापासून कपाटावर मुकी पडून होती. ती वाजवायला सरांना आजवर कुणी निमित्तच दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा झाली. घराघरांतून नळ सुटले, स्वयंपाकघरातले, बाथरूममधले, बाल्कनीतले. सबंध इमारत घरघरली. आणि काय पाणी आलं म्हणता! चहा कसला, काढा आला, दाट, तांबूस काढा.

"बघा, बघा, किती घाण निघतेय!" समोरच्या वहिनींनी टाळ्या वाजवल्या.

सगळ्यांना तसंच वाटलं. संध्याकाळी घंटेला आणखी घाण निघाली, आम्हाला आणखी आनंद झाला. जितकं पाणी तांबडं, तितकी मोहीम यशस्वी. जिन्यात येताजाता लोक माझ्या पाठीवर थाप मारू लागले. ऑफिसमध्ये कुणी मारत नाही, म्हणून मला ते बरं वाटलं, हे कबूल करायला माझी हरकत नाही.

घाण मात्र संपेना. त्यात बायकोच्या हातून एक घोटाळा झाला. आईला घरच्यासारखं वाटावं म्हणून तिने आईची पांढरी चादर धुवायला टाकली. त्या चादरी सासूबाई घरून आणतात, दुसऱ्याच्या चादरीवर त्यांना झोप येत नाही. चादर बाहेर आली ती तांबूस ढगांचा नकाशा होऊन. सासूबाईंनी तिची दोन टोकं धरून ती उजेडात पसरली. घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि ती घडी दाराशी उभ्या असलेल्या बॅगेवर नेऊन ठेवली.

मी स्वयंपाकघरात गेलो तर बायको ओट्याला टेकून उभी होती आणि मनगटाने डोळे पुसत होती.

"अहो, काहीतरी करा ना. आई जाणार. तिकडे परत एकटी असताना पडली तर मी काय करू? मला त्या घरातल्या फोनची भीती वाटते हो."

ती सहसा रडत नाही, भांडते, आणि भांडण मला झेपतं. हे झेपेना. मी तिला शब्द दिला, आणि शब्द पाळायचा म्हणून तातडीने कृती केली. सकाळ-संध्याकाळच्या दोन घंटांत दुपारची एक वाढवली.

शेजारच्या इमारतीचे सेक्रेटरी तेव्हाच तणतणत आले. "तुमची घंटा सुरू झाल्यापासून आमचं पाणी जास्त लाल येतंय!" मी त्यांना शांतपणे समजावलं की यावरून सबंध रस्त्याला मोहिमेची किती गरज आहे हेच सिद्ध होतं. त्यांना ते पटलं. बोलून माणूस पटवणं हा माझा व्यवसाय आहे. त्यांच्याकडे घंटा नव्हती, म्हणून त्यांनी शिट्टी घेतली. आमची घंटा झाली की तिच्या उत्तरादाखल त्यांची शिट्टी व्हायची आणि दोन्ही इमारती मिळून रस्ता दणाणून सोडायच्या.

अशा ऐन भरात आलेल्या मोहिमेला सरांनी खीळ घातली. ते अचानक मुलीकडे गेले, आणि जाताना घंटा कुलपात ठेवून गेले. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला त्यांचं मन होईना. घंटा नाही म्हणून नळसोड नाही, आमची घंटा नाही म्हणून शेजारची शिट्टीही नाही. मी हात चोळत बसलो. आणि गंमत बघा, त्याच दिवसांत पाणी फिकट व्हायला लागलं. आधी कोरा चहा, मग लिंबू सरबत, आणि मग काहीच नाही, पाणी.

बायकोला हर्ष झाला. मला मात्र दाट संशय आला. आमचा अर्ज आत, पाहणीचा नंबर जवळ आलेला, आणि नेमकं आताच पाणी स्वच्छ? खात्याला सुगावा लागला होता. पाहणीपुरतं चांगलं पाणी सोडायचं, 'तक्रारीत तथ्य नाही' असा शेरा मारायचा आणि पाठ फिरवली की पुन्हा काढा! मला शिकवतात! असले शेरे मारण्यावर माझं घर चालतं.

"आई, बघ ना, पाणी साफ झालं," बायको म्हणाली.

"आज झालं," सासूबाई म्हणाल्या. "कशाने बिघडलं, कशाने सुधारलं, कुणाला ठाऊक आहे का? ताप उतरला म्हणून पेशंट बरा झाला असं मी कधी म्हटलं नाही. रविवारी निघते मी. गाडी सांगून ठेव."

रविवारी सकाळी त्या तयार होऊन, पर्स मांडीवर घेऊन बॅगेशेजारच्या खुर्चीत बसल्या. बायको एकाच ओट्यावरून पुन्हा पुन्हा फडकं फिरवत होती. गाडी यायला थोडा अवकाश होता. तेवढ्यात बेल वाजली आणि, रविवार असूनही, दारात पाणी खात्याच्या इंजिनीयर बाई उभ्या!

मी त्यांना थेट स्वयंपाकघरात नेलं. त्यांनी नळ सोडला, ग्लास भरला, उजेडात धरला. आणि माझ्या देखत, माझ्या घरात, माझ्या नळाचं ते पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

"उत्तम आहे पाणी," त्या म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढलं.

तो शेरा माझ्या डोळ्यांसमोर लिहिला जात होता. "थांबा!" मी ओरडलो. "एक मिनिट थांबा! तुम्हाला खरं पाणी दाखवतो!"

मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो. सर नुकतेच परत आले होते, त्यांच्या खांद्याला पिशवी तशीच होती. "सर, घंटा!" एवढंच मी म्हणालो. बिचाऱ्याने कारण विचारलं नाही. पिशवी टाकली, कुलूप काढलं आणि इतक्या दिवसांचा उपवास फिटल्यासारखी घंटा बडवली. इमारतीतले सगळे नळ धडाधड सुटले. पलीकडून शिट्टी आली. भिंतींतले पाइप घुमू लागले.

मी धापा टाकत खाली आलो. मागोमाग घंटा हातात घेऊन सर आले, वहिनी आल्या, जिन्यातले सगळे आले. इंजिनीयर बाईंनी ग्लास नळाखाली धरला होता. पाणी नितळ होतं. मग सरबत झालं. मग कोरा चहा झाला. आणि मग आला तो आमचा काढा, दाट, तांबूस, काठोकाठ.

"पाहिलंत?" मी गर्जना केली. विजय म्हणजे काय ते त्या क्षणी माझ्या चेहऱ्यावर असणार.

"पाहिलं," बाई म्हणाल्या. त्यांनी ग्लास ओट्यावर ठेवला. "हे तुम्ही रोज करता?"

"रोज! दिवसातून तीनदा! मीच सुरू केलंय हे!"

"पाइपातला गाळ शांत बसत आला की तुम्ही घंटा वाजवून त्याला उठवता," त्या म्हणाल्या. "सगळे नळ एकदम सुटून पाण्याला एवढी जोराची ओढ लागली की तळाचं सगळं वर येतं. तुम्हाला एक नळ हळू सोडा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं का?"

भूगोल सरांनी घंटा हळूच पाठीमागे नेली.

"म्हणजे इतके दिवस आपणच..." वहिनी म्हणाल्या, आणि 'आपणच' म्हणताना त्यांनी एकट्या माझ्याकडे पाहिलं. बाकीच्यांनीही पाहिलं. ज्यांनी पाठीवर थापा मारल्या होत्या त्यांनी तर जास्तच निरखून पाहिलं. मी काहीतरी बोललो. खात्याची जबाबदारी, जनजागृतीचा अभाव, असं काहीतरी. कुणी ऐकलं नाही.

कारण दाराकडून एक आवाज यायला लागला होता. मला आधी वाटलं सासूबाईंना ठसका लागला. बायको धावली. ठसका नव्हता, त्या हसत होत्या. पर्स मांडीवरून खाली पडली, चष्मा नाकावरून घसरला, बांगड्या वाजायला लागल्या, तरी त्या हसतच होत्या. आई पडल्यापासून तिला असं हसताना बायकोने एकदाही पाहिलं नव्हतं. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

"बॅग आत ने गं," डोळे पुसत सासूबाई म्हणाल्या. "आणि गाडी नको म्हणून सांग."

"आई, राहतेस?"

"मला वाटत होतं खोट पाण्यात आहे. पाण्यात असती तर गेलेच असते, पाण्याला मी काय करणार? पण खोट जावईबापूंच्यात आहे. असा पेशंट घरात असताना तुला एकटीला टाकून जाऊ?"

सबंध जिना हसला. इंजिनीयर बाईही हसल्या आणि तशाच हसत त्यांनी शेरा लिहिला. तो मी वाचला नाही. माझ्या बायकोने माझ्यासमोर ती बॅग उचलली. मला हात लावू दिला नाही, एकटीने उचलून आत नेली आणि लगेच उघडली. मी तिथे उभा होतो, अपमानित, सर्वांसमक्ष, आणि तिचा तो चेहरा बघून मला धड रागावतासुद्धा येईना. हा तर अन्यायाचा कळस होता.

आता पाणी स्वच्छ येतं. भिंतीतलं भगदाड दुसऱ्याच रंगाच्या टाइलांनी बुजवलं आहे, ते मी बघत नाही. घंटा सासूबाईंनी त्याच दिवशी सरांकडून मागून घेतली आणि ती त्यांच्या उशाशी असते. संध्याकाळी ती वाजली की इमारतीत कुणी नळाला हात लावत नाही. मी उठतो आणि त्यांच्यासाठी चहा करून नेतो, बिनदुधाचा, तसाच लागतो त्यांना. त्या कप हातात घेतात, खिडकीच्या उजेडात धरतात, बराच वेळ निरखून बघतात आणि रोज विचारतात,

"हा चहाच ना, जावईबापू?"